चुन्याची निवळी

मी तापट आहे हे धुळ्याच्या माहेरापासून जळगावच्या सासरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे त्या शनिवारी एसटीत मी कंडक्टरवर किती वेळा खेकसले ते सांगत बसत नाही. पारोळ्याच्या पुढे गाडी पंक्चर झाली, एरंडोलला ड्रायव्हर चहाला उतरला तो परत यायचं नाव घेईना, आणि मी खिडकीशी बसून एकच हिशेब करत होते: आज पाणी किती खाली गेलं असेल.

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी धुळ्याला गेले होते. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. आई डोळ्याला पट्टी बांधून निवांत पडली होती आणि आणखी दोन दिवस राहा म्हणत होती. माझा जीव मात्र जळगावच्या आमच्या पुढच्या खोलीत अडकला होता. तिथे काचेच्या एका मोठ्या पेटीत समुद्राचं पाणी होतं, पाण्यात जिवंत पोवळी होती, आणि त्यांची काळजी मी नवऱ्यावर सोपवून आले होते. माझा नवरा केळीचा व्यापार करायचा. केळीच्या घडाला हात लावून तो कधी पिकेल हे तो अचूक सांगायचा, पण घरातली सांगितलेली कामं त्याच्या डोक्यात उंबऱ्यापर्यंतसुद्धा टिकायची नाहीत.

ही पेटी माझ्या मुंबईच्या मैत्रिणीची. आम्ही दोघी रसायनशास्त्रात बरोबर शिकलो. ती लग्न करून परदेशी निघाली तेव्हा तिने पेटी, दिवे, पंप, दोन केशरी मासे, समुद्रफूल म्हणतात तो फुलासारखा दिसणारा एक जीव, थोडी मऊ पोवळी आणि एक फांद्या फुटलेलं, दगडासारखं कडक पोवळं असा सगळा संसार माझ्या गळ्यात घातला. नव्वदीची मधली वर्षं होती. जळगावात कुणी घरात समुद्र पाळतं हे ऐकून लोक हसायचे. समुद्राचं पाणी नवऱ्याच्या केळीच्या ट्रकमधून यायचं. मुंबईला केळी उतरवली की येताना ड्रायव्हर कोळ्यांकडून खोल समुद्रातलं पाणी ड्रम भरून आणायचा. रस्त्यात एका नाक्यावर एकदा पोलिसाने झाकण काढून बोट बुडवलं, चाखलं आणि थुंकला, ही गोष्ट तो ड्रायव्हर पुढे कित्येक वर्षं सांगत होता.

समुद्र एवढा मोठा की त्यात रोजच्या रोज काही बदलत नाही, आणि पोवळ्यांना तेवढंच कळतं. आमच्या पेटीत मात्र सतत बदलायचं. जळगावचं ऊन रोज दोन बोटं पाणी उडवून न्यायचं आणि मीठ मागे ठेवायचं. पोवळी आपली हाडं बांधायला पाण्यातला चुना ओढून घ्यायची. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं पाणी घालायचं आणि त्यातून चुनाही परत द्यायचा. मैत्रिणीने सांगितलेला उपाय सोपा होता. कळीचा चुना पाण्यात कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची स्वच्छ निवळी पेटीत सोडायची. पण थेंब थेंब. एकदम घातली की पाणी जहाल होतं आणि आतला जीव भाजून निघतो. मी दवाखान्यातली सलाइनची नळी आणून उंचावर बाटली टांगली होती आणि चाकाने थेंब बांधून दिले होते. दिवसभर टपटप चालायचं.

माझी सासू, जिला घरातले आणि शेजारचे सगळे अक्का म्हणायचे, तिने पहिल्यांदा ती नळी बघितली तेव्हा शेजारणीला बोलावून दाखवली, आमच्या मासळ्यांना सलाइन लावलंय म्हणून. त्याआधीचे काही महिने तिने त्या खोलीत पाऊलही टाकलं नव्हतं. आमच्या घरात मासे शिजत नाहीत, आणि इथे तर ते पुढच्याच खोलीत. ती स्वयंपाकघराच्या दारातून बोलायची, मी पुढच्या खोलीतून उत्तर द्यायचे, आणि दोघींचे आवाज चढलेले असायचे. मग पावसाळ्यापूर्वी एकदा गावी शेतावर असलेल्या सासऱ्यांची वाट बघत ती नाइलाजाने पेटीसमोर बसली आणि बसूनच राहिली. मासे त्या समुद्रफुलात लोळत कसे, एकमेकांमागे फिरत कसे, हे ती रोज बघायला लागली. एक दिवस दिवेलागणीला तिने मला हाक मारली.

"ये व, देख. दगडले बोटं फुटनात."

त्या कडक पोवळ्यातून संध्याकाळी बारीक बारीक बोटं बाहेर येतात, अन्न धरायला. मी हे पुस्तकात वाचलं होतं, पण पेटीत आधी दिसलं ते अक्काला. तिला मी समजावलं की तो दगड नाही, पण ती ऐकून घेतल्यासारखं करून पुन्हा दगडच म्हणायची, आणि मी नाद सोडला.

त्या वर्षी कानबाई आमच्या घरी बसणार होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात ही नारळाची देवी मांडतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पाण्यावर नेऊन तिची बोळवण करतात. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने मुठी मोजून गहू घ्यायचे, त्यांच्या पिठाचे रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच खायचे, अशी रीत. आमच्या भाऊबंदांत कानबाई नेहमी गावी थोरल्या घरी बसायची. अक्का धाकटी. लग्न होऊन आल्यापासून ती थोरल्या जावेच्या घरी चूल फुंकत होती, पुरण वाटत होती, पण देवीपुढे पाटावर कधी बसली नव्हती. त्या वर्षी थोरल्या जाऊबाईंचे गुडघे धरले आणि त्यांनी निरोप पाठवला, या खेपेला धाकटीकडे बसू द्या. निरोप ऐकून अक्का आत गेली. नंतर मी बघितलं तर ती मोरीत तोंड धूत होती आणि डोळे लाल होते.

देवी बसायची जागा म्हणजे पुढच्या खोलीची पूर्वेची भिंत, आणि तिथे माझी पेटी. पेटी हलवता येत नव्हती, हलवली तर आतलं सगळं गेलं असतं. मी भांडायच्या तयारीने गेले. अक्काने मला तोंड उघडू दिलं नाही. देवी समोरच्या भिंतीला बसवू म्हणाली, आणि पेटीकडे हात करून एवढंच बोलली, "त्या बी देखतीन." एवढी मोठी गोष्ट तिने माझ्यासाठी सोडली. भाऊबंदांच्या बायका तिला त्यावरून बोलणार होत्या हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

फक्त एका बाबतीत ती हटून बसली. घराला रंग बाजारातला नको, चुनाच हवा. कानबाईसाठी चुन्यानेच घर पांढरं करायचं, हे तिच्या माहेरापासूनचं. म्हणून मी धुळ्याला निघाले तेव्हा अंगणात पत्र्याच्या टिपात चुना भिजत पडला होता.

जळगावच्या स्टँडवरून रिक्षा करून मी घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. पुढच्या खोलीत ओल्या चुन्याचा वास भरला होता. भिंतींना पहिला हात होऊन गेला होता आणि रंगारी जेवायला गेला होता. मी पिशवी खाली ठेवली आणि पेटीवरची चादर ओढली.

पाणी ताकासारखं पांढरं झालं होतं. दोन्ही मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून धापा टाकत होते. समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं होतं. पोवळी दिसतच नव्हती. वरची सलाइनची बाटली कोरडी ठणठणीत होती, म्हणजे नवऱ्याने मी गेल्यापासून तिला हातही लावला नव्हता. मग पाणी काठोकाठ कसं, हे मला कळेना.

अक्का मागून आली. हातात रिकामी कळशी होती. ती घाबरलेली होती, पण तिला अजून काय झालंय ते पुरतं उमगलं नव्हतं. ती सांगायला लागली की पाणी फार खाली गेलं होतं, बाटली संपली होती, आणि टिपात तर एवढी स्वच्छ निवळी वर आली होती.

"त्यासले तीस लागनी व्हई, म्हनीसन टाकी दिधी. लेकरासले देतस ना निवळी, तशी."

तिच्या पोरांना तिने चमच्याने निवळी पाजून वाढवलं होतं. पोट दुखलं की निवळी, दात येताना निवळी. निवळी म्हणजे चांगलीच. तिने मला रोज ती पेटीत सोडताना बघितलं होतं. त्यांना तहान लागली असेल, एवढीशी बाटली पुरत नसेल असं तिला वाटलं आणि तिने कळशीभर ओतली.

मला हे सगळं कळत होतं आणि तरी माझा तोल सुटला.  "कुणी सांगितलं होतं हात लावायला?" मी म्हणाले. माझा आवाज अंगणापर्यंत गेला असणार.

 अक्काने कळशी भिंतीशी ठेवली आणि ती मधल्या खोलीत गेली. तिथे सूप भरून निवडलेले रोटाचे गहू ठेवले होते. दिवेलागणीला भाऊबंदांच्या बायका जात्यावर ते दळायला येणार होत्या. तिने त्या सुपावर एक ताट पालथं घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"मन्हा हातघाई जीव गया ते मी रोटना गहूले हात नही लावसू."

कानबाई कडक देवी. त्या दिवसांत अक्काच्या हातून मुंगी मेली तरी ती स्वतःला दोष लावून घ्यायची. मासे मेले असते तर ती पाटावर बसली नसती, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. भाऊबंद दारात येणार आणि घरची बाई देवीला शिवणार नाही. इतक्या वर्षांनी आलेली पाळी माझ्या पेटीपायी जाणार. माझा राग तिथेच विझला आणि त्याच्या जागी भीती आली. ती रागापेक्षा वाईट होती, कारण रागात निदान ओरडता येतं.

मी पहिला प्रश्न विचारला तो निळीचा. चुन्यात नीळ घातली असती तर सगळं तिथेच संपलं होतं. अक्का म्हणाली, नीळ दुसऱ्या हाताला घालायची आहे, अजून पुडी फोडलेली नाही. मी देवाचं नाव घेतलं. मग कपाटातून कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं फिनॉल्फ्थॅलिन काढलं. पाण्यात चुन्याचा जहालपणा असला की याच्या थेंबाने ते गुलाबी होतं. आमच्या पेटीतलं चांगलं पाणी त्याने जेमतेम गुलाबी व्हायचं, व्हायचं की नाही असं. मी काचेच्या वाटीत पेटीतलं पाणी घेतलं आणि एक थेंब टाकला. वाटीत गुलाल कालवल्यासारखा रंग आला. अक्का तो रंग बघून मागे सरली.

बदलायला ताजं पाणी नव्हतं. ट्रक गुरुवारीच यायचा, तो घाटातल्या पावसाने अडकला होता. आंबट काही घातलं तर चुना मारला जातो, पण हात जरा जड पडला की पाणी दुसऱ्या टोकाला जाणार आणि अर्धमेले मासे तेवढ्याने संपणार. मला असं काहीतरी हवं होतं जे चुना खाईल, पण हळूहळू आणि बेताने. शाळेत प्रत्येक पोराला एकदा निवळीत नळीने फुंकायला लावतात. आपल्या श्वासाने ती दुधाळ होते आणि फुंकतच राहिलं की परत स्वच्छ होते. तोच वायू. माणसाच्या छातीत असतो, आणि चौकातल्या गोटीच्या सोड्यात असतो.

तेवढ्यात नवरा स्कूटरवरून आला, मागे मांडवासाठी केळीचे खांब बांधलेले. त्याने पेटी बघितली, माझं तोंड बघितलं आणि काही विचारलं नाही, हा त्याचा शहाणपणा. मी त्याला खांब खाली टाकायला लावले आणि सांगितलं की चौकातून सोड्याच्या बाटल्या आण, मिळतील तेवढ्या. लिंबू नको, मीठ नको, मसाला नको, नुसता साधा सोडा. तो तसाच परत वळला.

अक्का म्हणाली, मी काय करू. मी तिला फुंकायचं सांगितलं, आणि का ते दोन वाक्यांत सांगितलं. तिला ते लगेच पटलं. ती आत गेली आणि चुलीची पितळी फुंकणी घेऊन आली. ती पाण्यात घालणार तेवढ्यात मी तिचं मनगट धरलं. पितळेत तांबं असतं, आणि तांबं पोवळ्यांना विषच. मी पंपाची रबरी नळी सोडवली, धुतली, एक टोक पेटीच्या तळाशी नेलं आणि दुसरं तिच्या हातात दिलं.

ती खाली मांडी घालून बसली आणि फुंकायला लागली. तिने आयुष्यभर ओली लाकडं फुंकून पेटवली होती. मोठा दम घ्यायचा, गाल फुगवायचे आणि लांबवर सोडायचं. तळातून बुडबुड्यांची माळ वर यायची. पांढऱ्या पाण्यात मासे त्या माळेकडे सरकायचे आणि पुन्हा वर जायचे. थोड्या वेळाने तिच्या कपाळाला घाम सुटला. मी म्हणाले, द्या, आता मी. तिने नळी तोंडातून काढली नाही, नुसती मान हलवली. मी खिडक्या उघडल्या, दुसरा पंप जोडला, पुन्हा वाटी भरली, थेंब टाकला. अजून गुलालच. शेवटी तिला चक्कर येऊन तिने एक हात भिंतीला टेकवला तेव्हा मी नळी ओढून घेतली. भिंतीवरच्या ओल्या चुन्यात तिच्या हाताचा पंजा उमटला.

मी फुंकत असतानाच लहान मासा खाली गेला. तो नर होता, मादीपेक्षा बारीक. तो कोपऱ्यात तळाशी जाऊन एका अंगावर पडला. अक्काने ते बघितलं. तिने काचेला कपाळ लावलं आणि पुटपुटायला लागली, कानबाईचं नाव मला मधून मधून ऐकू येत होतं.

नवरा सोड्याची लाकडी पेटीच घेऊन आला, स्कूटरवर पायांमध्ये धरून. सोडावाल्याने त्याला विचारलं होतं, कुणाच्या पोटात एवढा गॅस झालाय, आणि हा म्हणाला होता, माशांच्या. मी त्या वेळी हसले नाही. त्याने अंगठ्याने गोटी दाबली, बाटली फुस्स झाली, आणि मी ती हळूच पाण्याखाली नेऊन पंपाच्या धारेपुढे तिरकी केली. नवऱ्याचं म्हणणं होतं, सगळ्या ओत एकदम, माशाचा जीव चाललाय. मी म्हणाले, एकदम ओतल्यामुळेच ही वेळ आली. हे बोलल्याबरोबर मला माझी जीभ तोडावीशी वाटली, कारण अक्का तिथेच बसली होती.  नवऱ्याने पुढची बाटली फोडायचा हात थांबवला.

एक बाटली, मग थांबायचं, मग वाटी आणि थेंब. अक्काने वाटी धरायचं काम स्वतःकडे घेतलं. प्रत्येक वेळी ती वाटी उजेडाकडे नेऊन बघायची. गुलालाचा रंग कुंकवाइतका झाला, मग तो पातळ होत गेला. पेटी भरून वाहायला लागली तेव्हा नवऱ्याने बादलीभर पाणी काढलं, आणि पुन्हा सोडा. रंगारी जेवून आला होता. तो कुंचला घेऊन दारात उभा राहिला आणि आमच्याकडे बघत राहिला. नवऱ्याने त्याला हळू आवाजात उद्या पहाटे ये म्हणून सांगितलं.

बाहेर उन्हं उतरली. वाटीतला रंग आता जेमतेम दिसत होता, दिसतोय की नाही असा, आणि मी हात वर केला. आणखी एक बाटलीही नको. पाण्यातला पांढरेपणा खाली बसायला लागला होता, दगडांवर भुकटीसारखा. मादी समुद्रफुलाभोवती फिरत होती. लहान मासा तसाच कोपऱ्यात पडला होता, पण त्याचे कल्ले हलत होते. मी काचेवर बोट आपटलं. तो हलला नाही. मी पुन्हा आपटलं. अक्का माझ्या शेजारी गुडघ्यांवर उभी होती आणि तिचा श्वास अजूनही जोरात चालला होता. मग मादी खाली आली, त्याच्या अंगावरून गेली, आणि तो उठला. वाकडा पोहला, एकदा काचेला आपटला, आणि समुद्रफुलाच्या कडेला जाऊन टेकला.

दिवेलागणीला अंगणात बायकांचे आवाज यायला लागले. कुणीतरी जातं पुसत होतं. नवऱ्याने दिवा लावला. मी पेटीकडे बघत होते, पण माझं लक्ष माशांकडे नव्हतं. ही वेळ त्या कडक पोवळ्याची बोटं बाहेर यायची. त्या दिवशी एकही आलं नाही. त्याच्या फांद्यांवर चुन्याची साय धरली होती आणि जिथून ती सुटली होती तिथे खाली नुसतं पांढरं हाड होतं. ते गेलं होतं. मऊ पोवळी सावरण्यासारखी होती, समुद्रफूलही, पण ते गेलं होतं. आणि तो जीवच होता, माशाइतकाच.

अक्का पदर सारखा करून उभी राहिली होती. तिने मला विचारलं,

"मासा जित्ता शेतस ना?"

"दोन्ही जिवंत आहेत, अक्का," मी म्हणाले. "बघा, फुलात जाऊन बसलेत."

त्यात खोटं काहीच नव्हतं. पोवळ्याबद्दल तिने विचारलं नव्हतं, मी सांगितलं नाही. मला वाटलं, बरं झालं, ती त्याला दगडच समजते. ती मधल्या खोलीत गेली. ताट उचलल्याचा आवाज आला आणि मग जात्याचा. बाहेर बायकांनी ओवी धरली. मी तिथेच खाली बसले आणि मला रडू फुटलं. नवऱ्याने उरलेल्या बाटल्या लाकडी पेटीत परत भरल्या आणि एक फोडून मला दिली.

रविवारी भाऊबंद आले, सासरे गावाहून आले, थोरल्या जाऊबाई गुडघे धरत रिक्षातून उतरल्या. अक्का देवीपुढे पाटावर बसली. नऊवारीत, नाकात नथ, कपाळभर कुंकू. ती नारळाच्या देवीला डोळे लावत असताना मी मागे उभी होते. पेटीशेजारच्या भिंतीवर तिच्या पंज्याचा ठसा तसाच होता, पहाटे रंगाऱ्याने त्यावरून कुंचला फिरवताना तेवढा भाग चुकवला होता, का ते मला कळलं नाही. पेटीबद्दल बायका कुजबुजल्या. अक्काने त्यांना मासे दाखवले, नावानिशी ओळख करून द्यावी तसे. मी मात्र त्या गर्दीतच संधी साधून मेलेलं पोवळं बाहेर काढलं. आत राहिलं असतं तर सगळं पाणी नासवलं असतं. मागच्या अंगणात तुळशीच्या कुंडीआड ते झाकून ठेवलं आणि हात धुऊन पुरण वाटायला बसले. मला कुणी बघितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन आम्ही मेहरूण तलावावर गेलो. पुढे वाजंत्री, मागे फुगड्या खेळत बायका. तलावाच्या काठाला बोळवण झाली. बायका पाय धुऊन परत वर चढायला लागल्या. अक्का मागे थांबली, म्हणून मीही थांबले. तिने ओटीत हात घातला आणि मी तुळशीआड झाकलेलं ते पांढरं पोवळं बाहेर काढलं, धुतलेलं, हळदकुंकू लावलेलं. तिने ते दोन्ही हातांनी पाण्यात सोडलं आणि हात जोडले.

 कधी कळलं तुम्हाला, असं मी कसंबसं विचारलं.

"शनवारी संध्याकायलेच," ती म्हणाली. "बोटं फुटनात नही ना त्याले."

आणि मग, नजर पाण्यावरच ठेवून:

"मी तुले मासासनंच इचारं ना."

मी तिथे पाण्यात उभी राहून रडले, वर चढणाऱ्या सगळ्यांच्या देखत. मी समजत होते की तिच्यापासून ते लपवून मी तिचा सण वाचवला. ती मात्र शनिवारच्या जात्यापासून रविवारच्या रोटापर्यंत तो जीव मनात घेऊन वावरली होती, देवीला डोळे लावताना सुद्धा, आणि मला त्याचा वारा लागू दिला नव्हता. माझा आवाज अंगणापर्यंत गेला होता त्याबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. मी तिच्या पायाला हात लावायला वाकले तर तिने मला दंडाला धरून वर ओढलं.

"आज पानी टाकं का त्यासले?" तिने विचारलं.

गडबडीत राहून गेलं होतं. मी नाही म्हणाले.

"मंग चाल व," ती म्हणाली. "त्यासले तीस लागनी व्हई."

आम्ही दोघी वर चढलो. अर्ध्या वाटेत ती थांबली आणि तिने माझ्याकडे वळून बघितलं. मी म्हणाले, चुना नको, चार दिवस साधंच पाणी. "साधंच," ती म्हणाली, आणि रिक्षा बघायला पुढे झाली.